देवाला न वाहिलेली काठी

मी देवाच्या नावानं खोटं बोललो, आणि तेही माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भाविक किंवा सेवाभावी समजणार नाही. भावाची सेवा करतो म्हणून गावात माझं नाव निघत होतं, त्याच दिवसांत त्याची काठी मी आमच्या घराच्या माळ्यावर लपवून ठेवली होती. त्यानं विचारलं तेव्हा, ती खंडोबाला वाहिली, असं सांगितलं. त्या एका वाक्यामुळं तो पाच महिने अंथरुणातून उठला नाही.

अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आम्ही धनगर. वडील लवकर गेले, तेव्हा मेंढरं त्याच्या वाट्याला आली आणि पाटी-दप्तर माझ्या. तो दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. मी परभणीजवळच्या झरीला शिकलो आणि पुढं तिथल्याच एका शाळेत लिपिक झालो. अण्णा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं. माळावर तो एका पायावर उभा आहे, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, खांद्यावर घोंगडी आणि सगळा भार तिवसाच्या लाकडाच्या काठीवर. मेंढरं राखणारी माणसं अशी तासन्‌तास उभी राहतात. त्या काठीच्या वरच्या टोकाला त्याचा अंगठा टेकून टेकून एक खळगी पडली होती. लहानपणी मी त्याच्यासारखं उभं राहायला जायचो आणि आपटायचो. तो हसायचा, "तुला जमायचं न्हाई बापू. तू खुर्चीवर बस." मी खरंच खुर्चीवर बसलो, आणि ती खुर्ची मला त्याच्याच पायांनी मिळवून दिली.

दोन वर्षांपूर्वी, ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा, अण्णाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. परभणीच्या दवाखान्यात जीव वाचला. बोलणं थोडं जड झालं, पण डावा हात आणि डावा पाय ओंडक्यासारखे झाले. वहिनी आधीच गेलेल्या, पोरगी सासरी, म्हणून मी त्याला माझ्या घरी आणलं. कळप चुलतभावाच्या हवाली केला. दवाखान्यातून निघताना व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला होता. घोटा कसा फिरवायचा, टाच अंथरुणावर कशी घासत न्यायची, खुर्चीवरून उठायचं-बसायचं कसं, याची चित्रं त्यावर होती. "रोज करून घ्या. पडून राहिले तर पाय आखडेल," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी तो कागद घरी आणला, देवघरात ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि रोज त्याच्यापुढं हात जोडत राहिलो. व्यायाम मात्र एक दिवसही करून घेतला नाही. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मला यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात अण्णा पडला. दारात बांधलेल्या शेळीला पाला टाकायला म्हणून काठी घेऊन तो एकटाच निघाला आणि रांजणाजवळ कोसळला. कपाळाला खोक पडली. शेजारपाजार गोळा झाला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "नोकरीवाला भाऊ हाय म्हणं, अन् म्हाताऱ्याला धराया घरात कुनी न्हाई." ते मला फार लागलं. खरं सांगायचं तर अण्णाच्या कपाळापेक्षा मला माझ्या अब्रूची काळजी पडली. त्याच दुपारी मी काठी उचलली आणि माळ्यावर जुन्या कणगीच्या मागं सरकवून दिली. दोन दिवसांनी त्यानं विचारलं, "बापू, काठी कुठंय रं माझी?" लपवली म्हणालो असतो तर त्यानं मागून घेतली असती. मोडली म्हणालो असतो तर दुसरी मागितली असती. म्हणून मी म्हणालो, "खंडोबाला वाहिली. तू बरा व्हावास म्हणून."

अण्णा चांगला हात कपाळाला लावून म्हणाला, "बरं केलं. देवाला दिलेलं मागू न्हाई." त्यानंतर त्यानं काठीचं नाव काढलं नाही, आणि उठायचंही नाव काढलं नाही. काठी देवाकडं गेली म्हणजे आपलं चालणंही तिकडंच गेलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. मी आत गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "नुसती लपवली आसती तर धकलं आसतं. देवाला कशाला मधी घातलं तुमी?"

पुढचे पाच महिने मी सेवा केली. त्याला पाठकुळी घेऊन न्हाणीत नेलं, माझ्या हातानं घास भरवले, त्याचा उजवा हात धडधाकट असताना पाण्याचा पेलाही मीच तोंडाला लावला. गावानं मला श्रावणबाळ म्हणायला सुरुवात केली आणि मलाही ते गोड लागलं. इकडं अण्णाचा पाय आखडत चालला होता. घोटा खाली झुकला, मांडी वाळली. तो बोलेनासा झाला. शेळी ओरडली की फक्त मान वळवायचा. मी रोज देवापुढं बसायचो आणि विचारायचो, की मी एवढं करतोय, तरी याला गुण का येत नाही? देव ऐकत नाही, असं मला तेव्हा खरंच वाटू लागलं होतं. ज्याच्या नावावर मी खोटं खपवलं होतं, त्याच्यावरच मी रुसलो होतो.

उन्हाळा सरत आला असताना अण्णा एका सकाळी म्हणाला, "बापू, एक मागू का? मला देवाकडं ने. माझ्या काठीचं एकदा दर्शन घिऊ दे."

ऊन आहे, अंतर आहे, तुला बसवणार नाही, अशी चार कारणं मी सांगितली. तो फक्त म्हणाला, "एकदाच." पाच महिन्यांत त्यानं केलेली ती पहिली मागणी होती. बायको माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो.

आमच्या घराण्याचा खंडोबा झरीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, जिंतूरच्या वाटेवरच्या एका लहान गावात आहे. दगडी देऊळ, पाच पायऱ्या, पुढं सभामंडप. रविवारी सकाळी ऑटो केला. वाटभर मी मनात जुळवाजुळव करत होतो. गुरवाला आधीच गाठावं, काठी चोरीला गेली म्हणून सांगावं, नाहीतर दारावरूनच दर्शन घेऊन परत फिरावं. शेवटी काहीच सुचेना, तेव्हा डोळे मिटून म्हणालो, देवा, आता तूच बघ. ती प्रार्थना नव्हती. पकडला जाणारा माणूस जे म्हणतो, ते होतं.

अण्णाला पाठीवर घेऊन पायऱ्या चढलो आणि थबकलो. सभामंडपात सात-आठ माणसं खुर्च्यांवर, ओट्यावर बसली होती आणि सगळ्यांनी दोन्ही हातांनी काठ्या डोक्यावर धरल्या होत्या. एका म्हातारीचे गुडघे सुजलेले होते. एका बाईचा हात अण्णासारखाच लुळा होता, ती तो दुसऱ्या हातानं वर नेत होती. पुढं एक चाळिशीची बाई कुबडी काखेत धरून आकडे मोजत होती. तिचा एक पाय लहानपणच्या पोलिओनं बारीक राहिलेला. "आठ... नऊ... रहीमचाचा, काठी डोक्यावर, टोपीवर टेकवायची न्हाई!" ज्यांना उद्देशून ती बोलली ते गावातले शिंपी. साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय गुडघ्याखालून कापलेला होता. ते म्हणाले, "टेकवली न्हाई ताई, टोपीच वर आली!" सगळे हसले. देवळात इतकं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या सुमनताई, तिथल्या गुरवाची मुलगी. परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून त्या व्यायाम शिकल्या होत्या आणि दर गुरुवारी, रविवारी देवळात सगळ्यांकडून करून घ्यायच्या. महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई स्वतः येऊन तपासून जायच्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या कुळदेवाच्याच दारात हे चाललं होतं, आणि मी पाच महिने घरात बसून देवाला गाऱ्हाणं घालत होतो.

मी अण्णाला ओट्याच्या कडेला बसवलं. त्यानं देवाकडं पाहून उजवा हात कपाळाला लावला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "बाई, माझी काठी कुठं ठिवली? तिवसाची. ह्या माझ्या भावानं देवाला वाहिली."

सुमनताईंनी माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा काय सांगत होता ते मला ठाऊक नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हितं लय जण काठ्या ठिवून जातेत, बाबा. बरं झालेलं माणूस आपली काठी मागच्यासाठी ठिवतं. त्या कोपऱ्यात हायत. तुमची कोंची, ती तुमीच वळखा." कोपरा ओट्यापासून हातभर पुढं होता. दहा-बारा काठ्या भिंतीला टेकवलेल्या. मी त्या आणायला उठलो, तर ताईंनी कुबडी माझ्यापुढं आडवी धरली. "तुमी बसा. काठी कुनाची हाय?"

अण्णानं उजव्या हातानं ओट्याचा खांब धरला आणि पुढं वाकला. ताई त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या, त्यांचा हात त्याच्या कमरेमागं, पण न टेकवलेला. त्याची बोटं पहिल्या काठीला पोचली. त्यानं वरचं टोक अंगठ्यानं चाचपलं. "ही न्हवं." दुसरी. "ही कळकाची." तिसरी. "ही बी न्हवं." एकेक काठी परत ठेवली जात होती आणि माझी लबाडी उघडी पडायला एकेक काठी कमी होत होती. उरल्या तीन. आता सांगून टाकावं म्हणून मी जीभ उचलली. तेवढ्यात रहीमचाचा ओरडले.

"अरे भाई! तुमी तर कवाचे उभे हाव!"

मी पाहिलं. अण्णा उभा होता. ओट्यापासून दोन पावलं पुढं, हातात कुणाचीतरी बोराटीची काठी, डावा पाय थरथरतोय, पण टेकलेला. तो कधी उठला, खांब कधी सुटला, ते त्यालाही कळलं नव्हतं. त्याचं सगळं ध्यान अंगठ्यात होतं. त्यानं खाली स्वतःच्या पायांकडं पाहिलं आणि लहान पोरासारखा हसला. मग ताईंनी त्याला हळूच बसवलं. बसल्यावर दम खात, उरलेल्या काठ्यांवरून नजर फिरवून तो म्हणाला, "माझी काठी हितं न्हाई बाई. देवालाच लागली आसंल. त्याला बी मेंढरं राखायची आसत्यात की." ताई म्हणाल्या, "मग तवर ही घिऊन जा. देवाची हाय, उसनी. लागायची थांबली की आनून ठिवा."

याला कुणी चमत्कार म्हणेल, कुणी म्हणेल पाय हळूहळू बरा होतच होता, फक्त त्याला कुणी उठवलं नाही म्हणून तो उठला नव्हता. डॉक्टरीणबाईंनीही नंतर असंच काहीसं समजावलं. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी त्याला बसवण्यासाठी जे खोटं बोललो होतो, तेच खोटं धरून तो उभा राहिला, आणि हे घडवून आणण्याची अक्कल माझ्यात नव्हती. त्या दिवशी ऑटोत बसल्यावर मला रडू आलं. कित्येक महिन्यांनी छातीवरचा दगड हलला होता. अण्णाला वाटलं मी आनंदानं रडतोय. तेही खरंच होतं. पण खोटं तसंच राहिलं. वाचलो, या भावनेत मी ते पुन्हा गिळलं.

त्यानंतर दर गुरुवारी, रविवारी आम्ही देवळात जायचो आणि मधल्या दिवसांत देवघरातला तो कागद काढून घरी करायचो. त्यावरचं हळद-कुंकू पुसलं तेव्हा खालची चित्रं नीट दिसली. सोपं काहीच नव्हतं. आखडलेला घोटा ताणताना अण्णा मेंढरांना देतो त्याच शिव्या स्वतःच्या पायाला द्यायचा. मध्ये पंधरा दिवस ताप आला आणि कमावलेलं निम्मं गेलं. पण खरा अवघड व्यायाम मला होता. अण्णा चालताना ताई मला हात पाठीमागं बांधून चालायला लावायच्या. "पडायला लागला तर धरा. त्याच्या आधी न्हाई." तो डुलायचा, माझे हात सुटायचे, ताई नुसत्या खाकरायच्या. मी पुन्हा हात बांधायचो. देवावर भार टाकणं म्हणजे काय, ते मी पोथ्यांत पुष्कळदा वाचलं होतं. ते मला कळलं, ते पाठीमागं गुंतवलेल्या या माझ्या बोटांत. मी त्याला धरून ठेवत होतो तोवर तो माझ्या भीतीच्या आधारानं जगत होता. सोडलं, तेव्हा तो स्वतःच्या पायांवर आला.

एकदा ताईंनी त्याला विचारलं, "बाबा, तुमी जन्मभर एका पायावर उभं ऱ्हात व्हता म्हणं. आता तर दोन हायत, मग तक्रार कशाची?" अण्णा खदखदून हसला. रहीमचाचांना तेवढंच निमित्त मिळालं. "मग उस्ताद, मला शिकवा. मला तर एकच हाय!" पुढचे कित्येक रविवार अण्णा खुर्चीवर बसून त्यांना काठीवर भार कसा टाकायचा, कंबर कुठं ठेवायची, नजर खाली न ठेवता लांब का ठेवायची, हे शिकवत होता. "खाली बघितलं की पडतंय माणूस. मेंढराकडं बघायचं." चाचा म्हणायचे, "मेंढरू हाय कुठं?" अण्णा म्हणायचा, "समोर बसलेत की सगळे." ज्याला मी घास भरवत होतो, तो आता दुसऱ्याला उभं करत होता.

दिवाळीच्या आधी एका रविवारी अण्णा ऑटोतून उतरून देवळापर्यंत चालत गेला आणि पाचही पायऱ्या स्वतः चढला. पाय थोडा ओढत होता, तो आजही ओढतो. वर पोचल्यावर त्यानं देवापुढं भंडारा उधळला आणि ताईंना म्हणाला, "पुढच्या रविवारी ही उसनी काठी परत ठिवनार. दुसऱ्या कुनाला लागंल." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बापू, मला एखांदी नवी बघ बरं. पर खळगी पडाया ह्या वयात किती वर्सं लागत्याल, देव जाणे."

त्या दिवशी दुपारी मी माळ्यावर चढलो. कणगीच्या मागून काठी ओढली तेव्हा तिच्यावर कोळिष्टकं होती आणि बोटभर धूळ. ती खाली आणून मी भिंतीला टेकवली आणि नुसता बसून राहिलो. बायकोनं फडकं आणलं, तेलाचं बोट घेतलं आणि काठी टोकापासून टोकापर्यंत पुसून काढली. माझ्या हातात देताना म्हणाली, "आता तरी सरळ बोला."

रविवारी मी ती जुन्या धोतरात गुंडाळून नेली. व्यायाम संपला, अण्णानं उसनी काठी कोपऱ्यात टेकवली आणि तिला नमस्कार केला. तेव्हा मी गुंडाळी सोडून काठी त्याच्या हातात दिली. सगळे बघत होते. त्यानं ती उभी धरली. अंगठा आपोआप वर गेला आणि खळगीत बसला. त्याचा चेहरा बदलला. मग देवाकडं बघत म्हणाला, "माझीच हाय. देवानं परत दिली व्हय रं?"

गुडघेदुखीच्या म्हातारीनं हात जोडले. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्या गावात आजही ती गोष्ट सांगितली गेली असती, आणि अण्णा जन्मभर ती काठी आनंदानं कपाळाला लावत राहिला असता. देवानं मला शेवटची संधी दिली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी उघडी होती, खोटं जपायलाही आणि खरं बोलायलाही. ताई कुबडीवर रेलून माझ्याकडं बघत होत्या, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशाच. इतके महिने त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. या देवळानं माझ्या भावाला पाय दिले होते. त्याच्या दारात आणखी एक खोटं ठेवून मला परत जायचं नव्हतं.

मी खाली बसलो आणि अण्णाचा डावा पाय दोन्ही हातांनी धरला. तो पाय मी पाच महिने धुतला होता, पण त्याला वाकून असा हात कधी लावला नव्हता.

"न्हाई, अण्णा. देवानं घेतलीच नव्हती, तर परत काय देणार? मी माळ्यावर लपवली होती. तू पुन्हा पडशील अन् लोक मला नावं ठेवतील, म्हणून भ्यालो. तू मागू नये म्हणून देवाचं नाव घेतलं. तू देवावर विश्वास ठेवलास, अन् मी त्याच विश्वासानं तुला बांधून घातलं. पाच महिने तू पडून राहिलास ते वाऱ्यामुळं न्हाई, माझ्यामुळं. चुकलं माझं, अण्णा. मला माफ कर."

अण्णानं काठी खांद्याला टेकवली, मोकळा झालेला उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "ऊठ बापू, खाली बघितलं की पडतंय माणूस."